मुलांच्या हातात मॉवर देण्याआधी त्याची देखभाल द्या



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

एप्रिल उजाडला की आपल्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "मुलगा चौदाचा झालाय, त्याला लॉन कापू द्यायचं का?" दुसरा: "मॉवर सुरूच होत नाहीये, कुणी चांगला रिपेअरवाला सांगा ना." माझं मत असं आहे की हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. ज्या घरात दुसऱ्याचं उत्तर घरच्या माणसांना देता येतं, त्या घरात पहिल्याचं उत्तर शोधावं लागत नाही. म्हणून सरळ सांगते: ज्याला मशीनची देखभाल येत नाही, त्याने मशीन चालवू नये. हा नियम मुलांना लागू, तसाच आपल्यालाही.

मी सीए आहे, मेकॅनिक नाही. पण आर्टिकलशिपच्या काळात भोसरीतल्या एका कारखान्यात स्टॉक मोजायला जायचे. तिथे प्रत्येक मशीनला एक कार्ड लटकवलेलं असायचं: तेल कधी बदललं, पट्टा कधी बदलला, कुणी केलं, कुणी तपासलं. मशीन उघडलं की स्विचवर पाटी लागायची, "काम चालू आहे, स्विच चालू करू नये." ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. आपल्या गराजमधल्या मशीनला ना कार्ड, ना पाटी. आणि ते मशीन आपण पोरांच्या हातात देतो.

यात आपला काही दोष आहे असं मी म्हणत नाही. आपण बहुतेक जण फ्लॅटमध्ये, चाळीत नाहीतर वाड्यात वाढलो. हिरवळ बघितली ती बागेत, "हिरवळीवर चालू नये" या पाटीच्या पलीकडून. इथल्या लोकांनी लहानपणी वडिलांच्या बाजूला उभं राहून तेल बदलताना पाहिलेलं असतं. आपली मॉवरशी ओळख तिशीनंतरची, घर घेतल्यावरची. त्यामुळे आपण त्याला मिक्सरसारखं वागवतो: चाललं तर चाललं, नाही चाललं तर दुकानात. आणि घरात ते "ह्यांचं खातं" होऊन बसतं. हे ऑफिसच्या कामाला गेले की बाकी कुणाला साधी टाकी कुठे आहे तेही माहीत नसतं.

आता हे यंत्र काय चीज आहे त्याचा हिशेब करू. साधं ढकलायचं मॉवर घ्या, २१ इंची पातं. टोकाने एक फेरा मारला की साडेपाच फूट झाले. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं धरलं तर मिनिटाला साडेसोळा हजार फूट, म्हणजे ताशी १८७ मैल. आपल्या भाषेत ताशी ३०० किलोमीटर. त्या वेगाच्या पात्याखाली एखादा खडा, तारेचा तुकडा किंवा धाकट्याचा लेगोचा ठोकळा आला तर तो कुठे जाईल, हे तुम्हीच बघा. चालून ढकलायच्या मॉवरचं हँडल सोडलं की पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे, असा इथला संघीय नियम १९८२ सालापासून आहे. तो दांडा दाबून धरायचा कंटाळा येतो म्हणून काही जण त्याला दोरी नाहीतर प्लॅस्टिकचा पट्टा बांधून ठेवतात. असं तुमच्या घरी असेल तर पोस्ट इथेच थांबवा, जाऊन ते कापून या, मग पुढे वाचा.

देखभालीचे दोन दिवस

मी वर्षातले दोन दिवस ठरवून टाकलेत. एक ३१ मार्च. आपल्याकडे आर्थिक वर्ष संपायचा दिवस, आम्ही राहतो त्या ओहायोमध्ये गवत वाढायला लागायच्या आधीचे दिवस. दुसरा खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण अवजारांची, यंत्रांची पूजा करतो. इथेही आपण कारला हार घालतो, लॅपटॉपला कुंकू लावतो, फोटो टाकतो. नेमका हाच काळ उत्तरेकडच्या राज्यांत गवताचा हंगाम संपत येण्याचा. मग पूजा करायचीच तर आधी यंत्राचं तेल बदला, पात्याला धार लावा, आणि मग झेंडूचं फूल ठेवा. लोहाराने आणि सुताराने हत्यारं आधी घासून-पुसून लखलखीत केली की मगच ती पूजेला मांडायची, हीच मूळ रीत आहे. नुसतं कुंकू लावलेलं गंजकं पातं म्हणजे ऑडिट न करता मारलेली सही.

काय करायचं ते क्रमाने लिहिते. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल मात्र समोर ठेवाच. हरवलं असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवता येतं.

१. सगळ्यात आधी स्पार्क प्लगची वायर काढा. इंजिनवर जाड काळी वायर दिसते, तिच्या टोकाला रबरी टोपी असते. ती ओढून काढायची आणि प्लगपासून लांब ठेवायची, परत जाऊन चिकटणार नाही अशी. हे का, ते मुलांना नक्की समजावून सांगा. मॉवरला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिनच्या चाकात लोहचुंबक बसवलेलं असतं, ते फिरलं की ठिणगी तयार होते. पातं थेट त्याच दांड्याला जोडलेलं असतं. म्हणजे तुम्ही खालून हाताने पातं फिरवलं की वरचं इंजिनही फिरतं. आत थोडं पेट्रोल उरलं असेल तर इंजिन एक झटका घेऊ शकतं, आणि तेवढा एक झटका बोटांना पुरतो. हँडल सोडल्यावर ठिणगी बंद होण्याची सोय असते, पण ती एका स्विचवर आणि एका बारीक तारेवर अवलंबून असते. त्यावर बोटं पणाला लावायची नाहीत. ही काढलेली टोपी म्हणजेच आपली "स्विच चालू करू नये" पाटी. बटणावर सुरू होणारं मॉडेल असेल तर किल्ली किंवा बॅटरीही काढून ठेवा.

२. आडवं करायचं तर बाजू बघून. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर ज्या बाजूला आहे ती बाजू वर आली पाहिजे. उलटं केलं की तेल फिल्टरमध्ये शिरतं, मग सुरू केल्यावर पांढरा धूर निघतो आणि "मॉवर जळालं" म्हणून फोटो ग्रुपवर येतो. टाकी जवळजवळ रिकामी असताना हे काम केलेलं सगळ्यात बरं.

३. तेल. नवीन मॉवर असेल तर बऱ्याच कंपन्या पहिल्या ५ तासांनंतर बदला म्हणतात, नंतर साधारण ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा, जे आधी येईल ते. ढकलायच्या मॉवरला बहुतेक वेळा १८ ते २० औंस तेल लागतं, एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३०. इंजिन दोन-चार मिनिटं चालवून तेल कोमट करून घ्या म्हणजे गाळासकट बाहेर येतं. सायलेन्सरला हात लागू देऊ नका, तो तव्यासारखा तापतो. भरताना थोडं-थोडं, दर वेळी काडी पुसून मोजत. जास्त भरलेलं तेलही त्रास देतं. जुनं तेल डब्यात बंद करून ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्या, पुष्कळ दुकानं ते फुकट घेतात. गटारात किंवा कुंपणाच्या कडेला ओतायचं नाही.

४. एअर फिल्टर उजेडात धरून बघा. कागदी असेल आणि काळा पडला असेल तर बदला. साधारण दर २५ तासांनी बघावा. धुळीचं अंगण असेल तर आधीच.

५. पातं. जाड हातमोजे घाला. पातं आणि कडेचं पत्र्याचं कवच यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे ते फिरत नाही, आणि मग पाना लावा. आधी फोटो काढून ठेवा, कारण पातं उलटं बसवलं की गवत कापत नाही, नुसतं चेचतं. कानशीने मूळच्याच कोनात धार लावा. मग मधल्या भोकातून भिंतीवरच्या खिळ्याला टांगा. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे, तिथे अजून घासा. तोल नसलेलं पातं सगळं मशीन हादरवतं. वाकलेलं किंवा चीर गेलेलं पातं सरळ करत बसू नका, टाकून द्या. बोल्ट मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा घट्ट करा.

६. नवीन स्पार्क प्लग, हंगामातून एकदा. चार-पाच डॉलरची वस्तू आहे.

आणि हे सगळं एका वहीत लिहायचं: तारीख, काय केलं, कुणी केलं, कुणी तपासलं. सह्या दोन. ज्याने बोल्ट बसवला त्याने तपासायचा नाही. बँकेच्या चेकवर दोन सह्या लागतात ते काय कुणी चोर आहे म्हणून नाही, दोन माणसांची चूक एकाच जागी होणं अवघड असतं म्हणून.

गॅस म्हणजे पेट्रोल

इथे सगळे पेट्रोलला गॅस म्हणतात. यूकेतले लोक सरळ पेट्रोल म्हणतात, तेच बरं. कारण "गॅसचा कॅन गराजमध्ये आहे" असं म्हटलं की भारतातून आलेल्या आईला सिलिंडर वाटतो, आणि मुलांना तर ती एक लाल बाटली वाटते. पेट्रोलसाठी लालच कॅन वापरायचा, पिवळा डिझेलचा आणि निळा केरोसीनचा असतो. दुधाच्या किंवा पाण्याच्या डब्यात पेट्रोल कधीही ठेवायचं नाही, अर्धा तासही नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. ज्यांच्या गराजमध्ये किंवा तळघरात गॅसवर चालणारा वॉटर हीटर आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. त्याची ज्योत खालच्या बाजूला असते. म्हणून कॅन घरात, तळघरात, हीटरजवळ ठेवायचा नाही. शक्य असेल तर बाहेरच्या शेडमध्ये, कुलपात. पंपावर भरताना कॅन गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायचा धोका टळतो. गळ्यापर्यंत भरू नका, उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं.

मॉवरमध्ये पेट्रोल टाकायचं ते इंजिन थंड झाल्यावर आणि उघड्यावर. अर्धं लॉन कापून झालं की टाकी संपते आणि घाई होते. तेव्हा दहा-पंधरा मिनिटं थांबा, पाणी प्या. गराजचं दार उघडं आहे म्हणून आत मॉवर सुरू करून बघायचं, हेही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो उघड्या दारातून शिस्तीत बाहेर निघून जात नाही.

आणि पंपावरची स्वस्ताई. "अनलेडेड ८८" लिहिलेलं बटण बहुतेक वेळा ई१५ असतं, म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते मॉवरमध्ये, ट्रिमरमध्ये, स्नो ब्लोअरमध्ये टाकायला कायद्याने मनाई आहे. या छोट्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच चालतं. गॅलनमागे वाचवलेले काही सेंट कार्ब्युरेटरच्या बिलात जातात. पेट्रोल साधारण ३० दिवसांत शिळं व्हायला लागतं, आतून चिकट थर धरतो. "मॉवर सुरू होत नाही" या एप्रिलच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मागच्या ऑक्टोबरच्या पेट्रोलमध्ये असतं. म्हणून थोडं-थोडं विकत आणा, त्यात स्टॅबिलायझर घाला, आणि शेवटची कापणी झाली की टाकीचं काय करायचं ते मॅन्युअलप्रमाणे करा. काही कंपन्या रिकामी करा म्हणतात, काही स्टॅबिलायझर घालून भरून ठेवा म्हणतात.

ट्रिमर आणि ब्लोअरचं वेगळं. त्यातले बरेच टू-स्ट्रोक असतात, त्यांना तेलाची वेगळी टाकी नसते, तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. टाकीच्या झाकणावर ५०:१ किंवा ४०:१ लिहिलेलं असतं. एक गॅलन म्हणजे १२८ औंस. ५०:१ ला २.६ औंस तेल, ४०:१ ला ३.२ औंस. साधं पेट्रोल टाकलंत तर इंजिन तेलाविना घासून बंद पडतं. मिश्रणाचा कॅन वेगळा ठेवा, वर मराठीत चिकटपट्टीवर लिहा: "ट्रिमर, तेल घातलेलं."

कुणाला काय द्यायचं

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणते की ढकलायचं मॉवर १२ वर्षांच्या आत नको आणि बसून चालवायचं १६ च्या आत नको. बसायच्या मॉवरवर मांडीवर मूल घेऊन फेरी मारायची तर अजिबातच नाही. तो फोटो कितीही गोड दिसला तरी. कापणी चालू असताना लहान मुलं घरात.

पण वय हा किमान आकडा झाला, पात्रता नव्हे. आमच्या घरी असा क्रम आहे: आठ-दहाच्या वयात वही लिहायची आणि अंगणातले खडे, काटक्या, खेळणी वेचायची. बारा-तेराला आमच्यासमोर तेल बदलायचं, फिल्टर बसवायचा, काडी वाचायची. पेट्रोलला आणि पात्याला हात नाही. चौदा-पंधराला पात्याचं काम, आमच्या नजरेखाली. हे सगळं दोन हंगाम नीट केलं की मग मॉवर. आमची मोठी पंधराची आहे. पलीकडच्या गल्लीत दोन घरांचं लॉन कापून ती पैसे मिळवते, आणि तिच्या वहीत तेलाचा खर्च मिळकतीतून वजा केलेला असतो. मुलीला कशाला हे, असं मला दोघींनी विचारलं. मी म्हटलं, उद्या ती एकटी राहील, घर घेईल, तेव्हा तिच्या गराजमध्ये उभं राहून "कुणी चांगला रिपेअरवाला सांगा ना" म्हणायची वेळ तिच्यावर का यावी?

आणि आजोबा. मे-जूनमध्ये आई-बाबा येतात. बाबांना दिवसभर करमत नाही, जावयाला नाहीतर सुनेला मदत करावीशी वाटते. आपण ऑफिसात असतो आणि ते चपला घालून मॉवर बाहेर काढतात. त्यांना "तुम्ही नका करू" म्हटलं की ते दुखावतात, आणि त्यांचं बरोबर आहे. माझं म्हणणं, त्यांना वही द्या. ज्या पिढीने स्टोव्हची पिन मारली, सायकलची चेन घरी साफ केली, त्यांना यंत्राची भाषा आपल्यापेक्षा चांगली कळते. नातवंडाने तेल बदलायचं, आजोबांनी तपासून दुसरी सही करायची. मॉवर चालवायचं ते मात्र आपण घरी असताना, बंद बुटांत, डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ लावून. हा नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला वाईट वाटत नाही.

हरकती

"त्यापेक्षा माणूस लावा ना." लावा की. वेळ हाही खर्चच आहे, हे सीएला कुणी सांगायला नको. पण बर्फाचा ब्लोअर, ट्रिमर, वीज गेल्यावरचा जनरेटर तरी घरात असतोच. इंजिन तेच, पेट्रोल तेच, धोका तोच.

"बॅटरीचं घ्या." पटतं. कॅलिफोर्नियात तर २०२४ मॉडेल वर्षापासून अशी बहुतेक नवी छोटी इंजिनं धूरविरहितच असावी लागतात. पेट्रोलचा प्रश्न सुटतो, कानांनाही बरं. पात्याचा वेग मात्र कमी होत नाही. तिथे प्लगच्या टोपीऐवजी बॅटरी काढून बाजूला ठेवायची, एवढाच फरक.

"दुकानात देऊन होतं की." होतं. मागच्या हंगामात आमचं तेल, प्लग, फिल्टर, स्टॅबिलायझर मिळून ३५ डॉलरच्या आत झालं, दुकानाचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. पण खरं सांगू का, मी पैशासाठी म्हणतच नाहीये. दुकानातून आलेलं मशीन चालतं, पण ते का चालतं हे घरात कुणालाच कळत नाही. ज्या मुलाने स्वतः पातं हातात धरलंय, त्याच्या धारेवरून (हातमोज्यातून) बोट फिरवलंय, तो मुलगा चालू मॉवरखाली अडकलेलं गवत काढायला हात घालणार नाही. त्याला शंभर वेळा "सांभाळून रे" म्हणावं लागत नाही.

आपण मुलांना गणिताच्या स्पर्धांना नेतो, मराठी शाळेला नेतो, ड्रायव्हिंग शिकवताना तर पन्नास तास शेजारी बसतो. त्यातले वर्षाला दोन दिवस गराजमध्ये द्या. यंदाच्या खंडेनवमीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका, प्लग आणि फिल्टर मॉडेल नंबर बघून आधीच मागवून ठेवा.

तुमच्या घरी हे काम कोण करतं? आणि मुलांना कितव्या वर्षी काय करू दिलंत? कॉमेंटमध्ये जरूर लिहा. वेगळं मत असेल तर तेही बिनधास्त लिहा, मला वाचायला आवडेल. वहीच्या पानाचा नमुना हवा असेल त्यांनी खाली "वही" लिहा, मी पाठवते.